क्वांटम फिजिक्स हा शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही

मागे आमच्या आत्याने फॅमिली ग्रुपवर पाण्याच्या बाटलीची एक जाहिरात टाकली, "क्वांटम एनर्जी"वाली, आणि खाली मला टॅग करून विचारलं, तू फिजिक्स केलंयस ना, घेऊ का? तिला जे सांगितलं तेच जरा नीट लिहितोय.

आधी शब्द बघू. क्वांटम हा मूळचा लॅटिन, अर्थ एकदम साधा, "किती". कोर्टाच्या बातम्यांत अजून तोच अर्थ चालतो, म्हणजे भरपाईचं क्वांटम ठरवायचंय असं वकील म्हणाला तर त्याला रक्कम किती एवढंच म्हणायचंय, तिथे फिजिक्स शोधू नका.

फिजिक्समध्ये हे सगळं सुरू झालं डिसेंबर १९०० ला, बर्लिनमध्ये. माक्स प्लांक हा जर्मन शास्त्रज्ञ तापलेल्या वस्तूतून कुठल्या रंगाचा प्रकाश किती निघतो याचं गणित बसवत होता आणि ते काही केल्या बसेना, शेवटी त्याने धरून चाललं की ऊर्जा सलग धारेने नाही तर ठराविक मापाच्या पुड्यांमध्येच दिली-घेतली जाते, आणि गणित बसलं. गाडीवर वडापाव एक मिळतो, दोन मिळतात, सव्वा मागितला तर गाडीवाला तोंडाकडे बघेल, तसं. फक्त इथे पुडीचं माप रंगाप्रमाणे बदलतं, निळ्या प्रकाशाची पुडी लालपेक्षा मोठी. प्रकाशाची वारंवारिता (म्हणजे त्याची लहर सेकंदाला किती वेळा हेलकावते) गुणिले प्लांकचा स्थिरांक, झालं माप. आणि तो स्थिरांक केवढा, तर ज्यूल-सेकंदात लिहायचा झाला तर दशांश चिन्हापुढे ३३ शून्यं आणि मग ६६२६, म्हणून तर घरातल्या बल्बकडे बघून पुड्या वगैरे काही जाणवत नाहीत. (१९०५ मध्ये आइन्स्टाइन म्हणाला की प्रकाश स्वतःच पुड्यांचा आहे, त्याला नोबेल त्यावरून मिळालं, रिलेटिव्हिटीवरून नाही.)

तर आता ट्रिक. कुठेही "क्वांटम" दिसलं की विचारायचं, कशाची पुडी आणि केवढी?

टीव्हीच्या दुकानात "क्वांटम डॉट" लिहिलेलं असतं, तिथे या प्रश्नाला उत्तर आहे. काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) स्फटिक असतात, त्यात इलेक्ट्रॉन इतका कोंडला जातो की त्याला ठराविकच ऊर्जा परवडतात, आणि मजा म्हणजे पदार्थ तोच ठेवून स्फटिक लहान केला की प्रकाश निळ्याकडे जातो, मोठा केला की लालकडे. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल याच कामाला मिळालं. म्हणजे शब्द बरोबर वापरलाय, टीव्ही त्या किमतीला घ्यावा का तो प्रश्न वेगळा.

आत्याच्या बाटलीला तोच प्रश्न विचारला. कशाची पुडी? उत्तर नाही. केवढी? अख्ख्या जाहिरातीत आकडा एकच, एमआरपी. तसं बघायला गेलं तर पाण्याचे रेणू क्वांटमच्याच नियमाने चालतात, पण मग नळाचं पाणीही क्वांटमच की.

"आपण बघितलं की वास्तव बदलतं, हे क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय" हे वाक्य मोटिवेशनवाल्यांचं लाडकं. तिथे बघणं म्हणजे मोजमाप, ते खोलीत कोणी नसताना यंत्राने केलं तरी चालतं, तुमच्या पॉझिटिव्ह विचारांची गरज पडत नाही.

"क्वांटम जंप" म्हणजे प्रचंड झेप असं पेपरात छापतात. अणूमधल्या इलेक्ट्रॉनची एका ऊर्जेवरून दुसरीवर जायची उडी खरं तर एवढीशी असते, पण रूढ झालंय, वापरा.

आणि मराठीत लिहायचं असेल तर पुंजभौतिकी, गणिती चौकटीबद्दल म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सबद्दल बोलत असाल तर पुंजयामिकी. दोन्ही स्त्रीलिंगी, "ती पुंजयामिकी". क्वांटम मेकॅनिक्स मात्र "ते", आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर नुसतं "क्वांटम", त्याच्या मागेपुढे लागणारे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.