संगणक गुण देतो त्या इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत आवाजाची पट्टी कशी सांभाळावी

पीटीई ॲकॅडेमिकसारख्या (परदेशी शिक्षणासाठी द्यायची, संगणकावर होणारी इंग्रजीची परीक्षा) परीक्षांची तयारी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरत असतो: आवाज खाली आणा, जड आवाजात बोला, संगणकाला तो आवडतो. त्याच्या उलट सांगणारेही भेटतात. या दोन्ही सल्ल्यांमागे एकच गृहीतक असते, की परीक्षेची प्रणाली पट्टीलाच, म्हणजे आवाज किती जाड किंवा बारीक आहे यालाच, गुण देते. ते खरे नाही. पीटीईमधील मोठ्याने वाचणे, वाक्य पुन्हा म्हणणे, चित्राचे वर्णन करणे अशा प्रश्नांसाठी आशय, ओघ आणि उच्चार हे निकष जाहीर केलेले आहेत, आणि आवाज जाड असावा की बारीक याचा त्यांत उल्लेख नाही. तरीही पट्टी बदलल्याने गुण घसरू शकतात, कारण पट्टी ओढूनताणून बदलली की उच्चार आणि ओघ हे दोन्ही बिघडतात. म्हणून पट्टी बदलण्यापेक्षा स्वतःची पट्टी ओळखून ती टिकवावी आणि जिथे हवे तिथेच तिला हलू द्यावे.

आधी यंत्र काय ऐकते ते समजून घ्या

पट्टी म्हणजे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात ते. बोलताना प्रौढ पुरुषांमध्ये हा आकडा साधारणपणे ८५ ते १८० हर्ट्झ आणि स्त्रियांमध्ये १६५ ते २५५ हर्ट्झ असतो. शब्द ओळखताना मात्र हा आकडा दुय्यम ठरतो. जीभ, ओठ आणि जबडा यांच्या हालचालींमुळे ध्वनीच्या कोणत्या भागात जोर येतो, यावरून स्वर आणि व्यंजने ओळखली जातात. जुन्या टेलिफोनवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, म्हणजे बोलणाऱ्याची मूळ पट्टी बहुतेक वेळा तारेवरून जातच नसे, आणि तरीही पलीकडच्याला बोलणे कळत असे. वाणी ओळखणाऱ्या प्रणालींची रचनाही पट्टी बाजूला ठेवून हा जोराचा आकार टिपण्याच्या दृष्टीने झालेली आहे.

याला दोन्ही टोकांना मर्यादा आहेत. आवाजात मूळ पट्टीच्या पटींमध्ये ध्वनी असतात: पट्टी १०० असेल तर १००, २००, ३०० असे दाट, आणि पट्टी ३५० असेल तर ३५०, ७००, १०५० असे विरळ. ते जितके विरळ, तितका स्वराचा आकार अस्पष्ट होतो. लहान मुलांचे बोलणे ओळखणे यंत्राला अवघड जाते, त्यामागे हे एक कारण आहे. प्रौढ व्यक्तीचा नैसर्गिक बारीक आवाज सहसा इतका वर जात नाही, पण घाबरून किंचाळल्यासारखा चढलेला आवाज जाऊ शकतो. खालच्या टोकाला स्वरतंतू नियमित कंप न पावता खरखरू लागतात आणि आवाजातली ताकद निघून जाते. हे बहुधा वाक्याच्या शेवटी घडते, आणि शेवटची दोन अक्षरे ऐकू येण्याआधीच विरून जातात. आवाज मुद्दाम जड करणाऱ्यांचे नुकसान नेमके इथे होते.

पायरी १: स्वतःची पट्टी मोजा

ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेले 'प्राट' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात आवाज ध्वनिमुद्रित करून उघडला की पट्टीची रेषा पडद्यावर दिसते. एखादा इंग्रजी उतारा घाई न करता, समोर बसलेल्या व्यक्तीला वाचून दाखवावा तसा वाचा आणि सरासरी पट्टीचा आकडा लिहून ठेवा. मग तोच उतारा घड्याळ लावून, परीक्षेत वाचाल तसा वाचा. दुसऱ्या वेळी आकडा बराच वर गेला असेल, तर ती भीती आहे, आणि काम तिच्यावर करायचे आहे. रेषा अध्येमध्ये तुटत असेल तर लगेच दचकू नका; अघोष, म्हणजे स्वरतंतू कंप न पावता निघणाऱ्या 'क', 'प', 'स' यांसारख्या व्यंजनांच्या जागी ती तुटणारच. स्वरांच्या मधोमध किंवा वाक्याच्या टोकाला ती तुटत असेल, तर मात्र आवाज तिथे खरखरतो आहे.

पायरी २: पट्टी हलते कुठे, ते पाहा

माझ्या मते खरा अभ्यास इथे आहे. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर आघात येतो, आणि तो दाखवताना आवाज थोडा चढतो, लांबतो आणि मोठा होतो. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असेल तर आघात पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर येतो. पीटीईच्या उच्चाराच्या निकषात आघाताचा समावेश आहे, त्यामुळे सपाट, एकसुरी वाचन कितीही स्वच्छ असले तरी अपुरे पडते.

एक वाक्य घेऊन पाहू: 'ऑल्दो द रिझल्ट्स वर प्रॉमिसिंग, द टीम डिसायडेड टू रिपीट द एक्स्पेरिमेंट.' 'प्रॉमिसिंग'मधील 'प्रॉ' उठून ऐकू यावा, आणि स्वल्पविरामापाशी आवाज किंचित वर राहावा, म्हणजे वाक्य अजून संपलेले नाही हे कळते. 'एक्स्पेरिमेंट'मधील 'पे'वर आवाज चढून तिथून खाली यावा, पण 'रिमेंट' गिळले जाऊ नये. हे वाक्य ध्वनिमुद्रित करा आणि 'प्रॉ' आणि 'पे' या जागी रेषेला उंचवटा दिसतो का ते तपासा. दिसत नसेल तर वाक्य नुसते गुणगुणा, शब्दांशिवाय, आणि मग त्याच चालीवर शब्द बसवा. प्रत्येक शब्दावर उंचवटा दिसणे हाही दोषच आहे, कारण मग आघात कुठे आहे हेच कळत नाही.

पायरी ३: शेवटापर्यंत श्वास पुरवा

वाक्याच्या टोकाला खरखर येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे संपलेला श्वास. वाचण्याआधी मिळालेल्या वेळात उताऱ्यात श्वास कुठे घ्यायचा ते ठरवा. जागा अर्थाच्या तुकड्यांनंतर निवडा आणि थांबा अगदी छोटा ठेवा, कारण पीटीईत सुमारे ३ सेकंद शांतता राहिली की ध्वनिमुद्रण बंद होते.

पायरी ४: गोंगाटात सराव करा

फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार्द यांनी १९११ साली नोंदवलेली गोष्ट परीक्षा केंद्रात रोज घडते: आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, आणि मोठ्याने बोलताना पट्टीही चढते. केंद्रात शेजारचे परीक्षार्थी त्याच वेळी बोलत असतात. घरी हेडफोनमध्ये इतरांचे बोलणे लावून वाचा, ध्वनिमुद्रण करा आणि आकडा पहिल्या पायरीतल्या आकड्याशी ताडून पाहा. माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवा, म्हणजे 'प', 'फ' यांचा फुत्कार त्यावर आदळत नाही.

पायरी ५: परीक्षेच्या दिवशी

माइक तपासताना उत्तर देताना वापरणार तोच आवाज वापरा. तिथे हळू आणि नंतर मोठ्याने बोललात तर तपासणी व्यर्थ जाते. पीटीईत सुरुवातीला स्वतःची ओळख करून द्यायची असते आणि तिला गुण नसतात, म्हणून पट्टी जागेवर आणण्यासाठी हा वेळ वापरावा. घसा बसलेला असेल तर कुजबुजू नका, कारण कुजबुजण्यात स्वरतंतू कंप पावतच नाहीत आणि पट्टीच उरत नाही. तशा वेळी आपल्या नेहमीच्या पट्टीत, थोड्या कमी जोराने, पण शब्दांची टोके पूर्ण उच्चारत बोलावे.