ब्लॅक पाइन बोन्साय: पहिला फुटवा कधी आणि कसा कापावा

जपानी ब्लॅक पाइनचा, म्हणजे कुरोमात्सुचा, वसंतातला कोंब तळाशी कापला की तिथे दुसरा फुटवा येतो. त्याला वाढायला कमी दिवस मिळतात, म्हणून सुया आखूड राहतात. जपानात या कामाला मेकिरी म्हणतात.

तिथे हे साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत करतात. मोठी झाडं आधी, लहान झाडं शेवटी. वसंतात भरपूर खत दिलेलं हवं; कापताना ते कुंडीवरून उचला आणि नव्या सुया उघडल्यावर पुन्हा द्या.

काप आडवा, सपाट घ्या. तिरका घेतला तर अंकुर एकाच बाजूला जोर धरतात. गेल्या वर्षीच्या सुयांना धक्का नको, नवा फुटवा त्यांच्याच बळावर येतो.

खरी कसोटी समतोलाची. शेंडा नेहमीच दांडगा, खालच्या आणि आतल्या फांद्या मरतुकड्या. म्हणून कमजोर कोंब आधी कापा, जोमदार 7 ते 10 दिवसांनी. उशिरा कापलेले मागे पडतात. अगदीच बारीक कोंबांना हातही लावू नका.

एकेका जागी तीन-चार अंकुर येतील. शरदात डावा-उजवा असे दोनच ठेवा, नाहीतर तिथे गाठ फुगते आणि ती पुढे झाकता येत नाही. शेंड्याकडे त्यातले मध्यम जोमाचे राखा.

त्याच वर्षी कुंडी बदललेलं किंवा आजारी झाड वगळा. पाच-पाच सुयांचे झुबके असलेल्या गोयोमात्सुवर, म्हणजे जपानी व्हाइट पाइनवर, तर हे करूच नका. तो दुसरा फुटवा सहसा देत नाही आणि फांदी वाळते.