ठोसेघरचा धबधबा नीट पाहायचा असेल तर

ठोसेघरला येणारे बहुतेक लोक धबधब्यासमोर पंधरा-वीस मिनिटे उभे राहतात, छायाचित्रे काढतात, गरम कणीस खातात आणि माघारी फिरतात. त्यात गैर काहीच नाही. पण साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या या जागेसाठी पुण्या-मुंबईहून एवढा प्रवास करून यायचे आणि एवढेच पाहून जायचे, याची मला दर वेळी हळहळ वाटते. धबधब्याचे पाणी ज्या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट माळावरून, येते तो सडा त्याच रस्त्याने थोडे पुढे गेल्यावर लागतो, सज्जनगड त्याच वाटेवर आहे, आणि एक मुक्काम वाढवला तर कासचे पठारही पाहून होते. हे सगळे घाई न करता कसे पाहावे, कोणत्या महिन्यात यावे आणि कोणत्या क्रमाने फिरावे, हे अनेक फेऱ्यांनंतर जसे उमगले तसे येथे सांगत आहे.

कधी यावे

जुलै आणि ऑगस्ट हे धबधब्याचे खरे दिवस होत. या काळात सड्यावर पाऊस अक्षरशः आडवा कोसळत असतो आणि ओढे दुथडी भरून वाहतात. मात्र याच दिवसांत धुके इतके दाट असते की समोर काहीच न दिसण्याची पूर्ण तयारी ठेवावी लागते. सप्टेंबरच्या मध्यापासून पाऊस उघडू लागतो, धुके विरळ होते आणि पाणीही हळूहळू आटोपते घेते. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात कडा जवळजवळ कोरडा असतो, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये येऊन निराश होण्यात अर्थ नाही. कासची फुले मात्र साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात. म्हणून एकाच फेरीत धबधबा भरलेला आणि पठार फुललेले असे दोन्ही पाहायचे असेल, तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरावा. एखादा आठवडा पाऊस मागे-पुढे झाला तरी या दिवसांत सहसा रिकाम्या हाताने परतावे लागत नाही. शनिवार-रविवार मात्र शक्यतो टाळावेत, कारण घाटातला अरुंद रस्ता आणि वाहनतळाची मर्यादित जागा यांमुळे सुट्टीच्या दिवशी निम्मा वेळ गाडीतच जातो.

पोहोचायचे कसे

पुण्याहून सातारा महामार्गाने सुमारे ११० किलोमीटर आहे आणि कोल्हापूरहून अंतर त्याहून थोडेच जास्त आहे. एसटीच्या गाड्या दोन्हीकडून भरपूर आहेत. रेल्वेने येणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की सातारा स्थानक शहरापासून बरेच बाहेर आहे, तेव्हा तेथून रिक्षाचा वेळ हिशेबात धरावा. शहरात शिरल्यावर समर्थ मंदिर आणि बोगदा या भागाचा रस्ता विचारावा. येथूनच दोन वाटा वेगळ्या होतात: एक यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाते, आणि दुसरी डोंगर पोखरून काढलेल्या जुन्या बोगद्यातून सज्जनगड आणि ठोसेघरकडे उतरते. या दोन वाटा दोन वेगवेगळ्या डोंगरांवर जातात आणि एकीवरून दुसरीवर यायचे तर बहुधा साताऱ्यापर्यंत परत यावे लागते. नकाशात ठोसेघर आणि कास जवळजवळ दिसतात म्हणून दोन्ही एका दिवसात उरकण्याचा बेत लोक आखतात, आणि मग कुठेच धड थांबता येत नाही. त्यासाठी दोन दिवस ठेवावेत, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे.

साताऱ्याच्या बसस्थानकातून ठोसेघरला एसटी जाते, परंतु फेऱ्या मोजक्या असल्यामुळे परतीच्या गाडीची वेळ वाहकाला आधीच विचारून घ्यावी. स्वतःचे वाहन असेल तर पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्यावे आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण डोंगरावर मोबाईलला सगळीकडे रेंज मिळेलच असे नाही.

धबधब्यासमोर

सकाळी आठ-नऊपर्यंत ठोसेघरला पोहोचणे सर्वांत चांगले. प्रवेशाचे किरकोळ शुल्क भरून आत गेल्यावर झाडीतून बांधीव पायवाट आणि पायऱ्या आहेत. एक वाट लहान धबधब्याच्या बाजूला जाते आणि दुसरी दरीच्या अलीकडच्या काठावर बांधलेल्या प्रेक्षागॅलरीकडे जाते, जिच्या अगदी समोर मोठा धबधबा कड्यावरून खोल दरीत झेपावतो. पायऱ्यांवर शेवाळ धरलेले असते, म्हणून गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. खाचांचे तळ असलेले बूट किंवा पावसाळी सँडल घालावेत.

गॅलरीत पोहोचल्यावर समोर नुसता पांढरा पडदा असेल, तर परत फिरू नये. एका ऑगस्टमध्ये मी तेथे पाऊण तास उभा होतो. पाण्याचा घनगंभीर आवाज सतत येत होता, पण आवाज नेमका कोठून येतो तेही कळत नव्हते. सोबत उभे असलेले दोन-तीन गट कंटाळून निघून गेले. मग दरीतून वाऱ्याचा एक झोत वर आला, धुके खालच्या बाजूने फाटले आणि आधी दिसले ते दरीच्या तळाचे हिरवे झाड, मग ओला काळा कातळ, आणि मग त्या कातळावरून वरपर्यंत गेलेली पाण्याची धार. ती मान वर करून पाहावी लागेल इतकी उंच होती. दोन-तीन मिनिटांत सगळे पुन्हा झाकले गेले. या दिवसांत धुके असेच उघडझाप करीत असते, तेव्हा निदान एक तास हाताशी ठेवून यावे.

वाट पाहताना कान उघडे ठेवावेत. पाण्याच्या आवाजाला छेद देत एखादा माणूस मनाशीच गुणगुणावे तशी, मध्येच सोडून दिलेली लांबलचक शीळ झाडीतून ऐकू येते. तो शीळकरी कस्तूर असतो. काळसर निळ्या रंगाचा हा पक्षी सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या आणि धबधब्यांच्या काठी राहतो आणि पावसाळ्यात पहाटेपासून गातो. गर्दी वाढण्याआधी आलात तर तो हमखास ऐकू येतो, आणि लवकर येण्याचे हे माझ्या मते सर्वांत मोठे कारण आहे.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. हा धबधबा दुरून पाहायचा आहे, भिजायचा नाही. कठडा ओलांडून कड्याच्या तोंडाशी जाणे, वरच्या ओढ्याच्या पात्रात उतरणे किंवा दरीच्या तळाशी उतरण्याची वाट शोधणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. येथे ऊन पडले असले तरी वर सड्यावर सर कोसळून गेलेली असू शकते आणि ओढ्याचे पाणी पाहता पाहता चढते. घोट्याएवढे पाणीसुद्धा शेवाळलेल्या कातळावर माणसाचा पाय सोडवते, आणि पुढे कडाच आहे. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासन धबधब्याचा परिसर पर्यटकांसाठी काही काळ बंद करते, म्हणून निघण्यापूर्वी साताऱ्यात चौकशी करावी आणि बंदी असेल तर ती मुकाट्याने पाळावी.

सड्यावर

धबधबा पाहून झाला की साताऱ्याकडे न वळता तसेच पुढे चाळकेवाडीकडे जावे. रस्ता चढून वर येतो आणि एकदम सगळे मोकळे होते. मैलोगणती पसरलेले सपाट माळ, त्यावर दूरवर उभ्या पवनचक्क्या, आणि झाड म्हणावे असे जवळपास काहीच नाही. या सपाट माथ्यांना या भागात सडा म्हणतात. खालचा सगळा डोंगर काळ्या बेसाल्टचा असला तरी माथ्यावर जांभ्या दगडाचे टोपण आहे आणि त्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर आहे. एवढ्या उथळ मातीत मोठी झाडे रुजत नाहीत आणि पडलेला पाऊस फार मुरतही नाही. तो डबक्यांत साठतो, ओघळांनी वाहतो, ओघळांचे ओढे होतात आणि कडा आला की तेच पाणी खाली कोसळते. मघाशी गॅलरीतून पाहिलेली धार अशी तयार होते, आणि पुढे ते पाणी तारळी नदीतून वाहत उंब्रजजवळ कृष्णेला मिळते.

सड्यावर गाडी रस्त्याच्या कडेला लावून थोडे पायी चालावे, पण पाऊल पाहून टाकावे. सप्टेंबरमध्ये येथेही रानफुले असतात. खाली बसून पाहिले तर जांभ्याच्या ओलसर खळग्यांत नाण्याएवढी तांबूस रोपे दिसतात, ज्यांच्या पानांवरील केसांच्या टोकाशी चिकट थेंब चमकत असतात. ही दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती आहे. तिच्या चिकट थेंबांना एखादे चिलट अडकलेले बहुधा सापडतेच. भिंग जवळ असेल तर लहान मुले येथून हलत नाहीत.

येथे छत्री निरुपयोगी आहे, कारण वारा ती क्षणात उलटी करतो. डोक्यावर टोपी असलेला रेनकोट आणावा आणि एक कोरडा कपड्यांचा जोड गाडीत ठेवावा. पवनचक्क्यांच्या कुंपणाच्या आत जाऊ नये. गाडी मऊ गवतावर उतरवू नये. चाके रुततात हे तर खरेच, पण एकदा चिरडलेला तो बोटभर मातीचा थर पुन्हा बसायला फार वर्षे लागतात.

सज्जनगड

दुपारी जेवून परतीच्या वाटेवर सज्जनगडाला जावे. चाळकेवाडी-ठोसेघर परिसरात पिठले, भाकरी, ठेचा आणि कांदाभजी मिळते. सांगितल्यावर ताजे करून देतात, म्हणून सड्यावर जाताना सांगून ठेवले तर वेळ वाचतो.

सज्जनगडाचे जुने नाव परळीचा किल्ला. शिवाजी महाराजांनी तो १६७३ मध्ये घेतला आणि पुढे समर्थ रामदासस्वामी येथे राहायला आले. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला समर्थांनी येथेच देह ठेवला, आणि दरवर्षी त्या तिथीला दासनवमीचा उत्सव होतो. गाडी बरीच वरपर्यंत जाते आणि तेथून पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई न करता थांबत-थांबत चढावे. दोन दरवाजे ओलांडून वर गेल्यावर राममंदिर, त्याच्या खालच्या भुयारातली समर्थांची समाधी, शेजारचा मठ, आणि गडाच्या दोन वेगवेगळ्या टोकांना असलेली अंगलाई देवीचे देऊळ आणि धाब्याचा मारुती, एवढे शांतपणे पाहायला दीड-दोन तास लागतात. धाब्याच्या मारुतीपर्यंत अवश्य चालावे, कारण तेथून उरमोडी धरणाचे पाणी आणि आजूबाजूच्या डोंगरसोंडा उघड्या दिसतात. गडावर माकडे आहेत. प्रसादाची पिशवी हातात लोंबती ठेवू नये.

गडावर भक्तांसाठी महाप्रसाद आणि निवासाची सोय आहे. सायंकाळची उपासना आणि करुणाष्टके ऐकायची असतील तर मुक्काम येथेच करावा, मात्र उत्सवाच्या दिवसांत आधी विचारणा केल्याशिवाय येऊ नये. पायथ्याच्या परळी गावात महादेवाची जुनी दगडी मंदिरे आहेत. त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही, परंतु त्यांच्या खांबांवरील कोरीव काम अर्धा तास देण्याच्या योग्यतेचे आहे.

दुसरा दिवस: कास आणि भांबवली

दुसऱ्या दिवशी यवतेश्वरच्या घाटाने कासला जावे. हे पठार सातारा शहराच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर असून २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. फुलांच्या हंगामात दिवसाला ठरावीक संख्येनेच लोकांना आत सोडतात, म्हणून प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी आधीच करावी. सुट्टीच्या दिवसाची जागा आयत्या वेळी मिळणे कठीण असते. तेरड्याचे गुलाबी गालिचे सगळ्यांनाच दिसतात, पण सीतेची आसवे, गेंद, आणि तळ्यांतला वायतुरा पाहायचा असेल तर स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. फुले तोडू नयेत आणि आखून दिलेली वाट सोडू नये, एवढे येथे पुरे.

कासच्या तलावावरून पुढे भांबवलीचा वजराई धबधबा आहे. तो तीन टप्प्यांत कोसळतो आणि त्याची एकूण उंची सुमारे १८४० फूट सांगितली जाते. गावापासून पुढे रानातून पायी जावे लागते. पावसाळ्यात वाटेवर जळवा असतात, तेव्हा पायमोजे पँटवर ओढून घ्यावेत आणि मिठाची पुडी जवळ ठेवावी. लहान मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील तर वजराई सोडून द्यावा आणि तो वेळ कासच्या तलावाकाठी घालवावा. ज्यांना चालणे जमते त्यांनी मात्र तो चुकवू नये, कारण हे उरमोडीचे पाणी आहे. आदल्या दिवशी धाब्याच्या मारुतीपासून जे धरण पाहिले, त्यात ते जाऊन पोहोचते.

परतीला दुपारी चारच्या सुमारास निघावे. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात संध्याकाळी धुके उतरते आणि पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. कंदी पेढे घ्यायचे असतील तर ते खाली साताऱ्यात उतरल्यावर घ्यावेत, आणि दुकानदाराला आज केलेले कोणते ते विचारून घ्यावेत.