हिस्पॅनिक क्लायंट समोर बसल्यावर या चुका टाळा

टेक्सासमधल्या एका क्लिनिकमध्ये मी शिकाऊ समुपदेशकांच्या नोंदी तपासते. त्यांत आपली मराठी मुलंमुलीही असतात. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी मूळ जोडलेल्या, क्लायंटच्या बाबतीत त्याच त्या चुका इतक्या वेळा बघितल्यात, की आता लिहायलाच बसले. चूक आपली होते आणि भोगतो तो क्लायंट.

सगळ्यात घातक चूक म्हणजे घरच्यांच्या ओढीलाच आजार ठरवणं. स्पॅनिशमध्ये या ओढीला 'फामिलिस्मो' म्हणतात: आधी घर, मग मी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रसंग सांगते. होंडुरासचा एक तरुण, घरांच्या छपरांचं काम करणारा. झोप उडाली म्हणून आला होता. अर्धा पगार आईला पाठवतो, एवढं ऐकल्यावर आमच्या विद्यार्थिनीने नोंदीत लिहिलं, 'बाउंड्रीज नाहीत' (म्हणजे स्वतःची मर्यादा आखता येत नाही), आणि गृहपाठ दिला: या महिन्यात आईला एकदा 'नाही' म्हणून बघा. तो मान हलवत 'सी, सी' (हो, हो) म्हणाला. तिला वाटलं, पटलं. पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही.

मी फोन केला. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "त्या ताई मला वाईट मुलगा व्हायला सांगतात." खूप विनवल्यावर परत आला. या वेळी आम्ही फक्त आईबद्दल विचारलं. त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला: निळा दरवाजा, त्याच्याच पैशांतून बांधलेली खोली, दारात आई. मग हळूच शर्ट वर करून पाठ दाखवली. दोन महिन्यांपूर्वी तो छपरावरून पडला होता आणि आईला कळू नये म्हणून रोज फोनवर हसून बोलत होता. पैसे पाठवणं हा तर त्याचा अभिमान होता. झोप उडवली होती त्या लपवाछपवीने.

तो 'सी' होकार नव्हताच. वडीलधाऱ्या किंवा शिकलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, हा 'रेस्पेतो'. बोलणं कडू होऊ द्यायचं नाही, ही 'सिंपातिया'. म्हणून "पटलं का?" असं मी विचारतच नाही. विचारते, "यातलं काय जमणार नाही?"

दुसरी चूक खास आपली: 'हे तर आपल्यासारखंच!' एकत्र कुटुंब, आईचा शब्द, देवधर्म ओळखीचा वाटला की आपण प्रश्न विचारणंच सोडतो. पण बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे धर्मपिता झालेले 'पाद्रिनो' आणि मुलाचे आईवडील एकमेकांचे 'कोंपाद्रे' होतात. हे नातं रक्ताचं नसूनही घरातलंच, आणि आपल्याकडे त्याला नेमका जोड नाही. घरात कोण कोण, हे नावानिशी विचारा. आणखी एक: स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे तूच. आपुलकीच्या भरात तो लगेच तोंडात येतो. सुरुवात 'उस्तेद'ने, म्हणजे 'तुम्ही'ने, करा आणि 'तू'वर कधी यायचं ते समोरच्याला ठरवू द्या.

घाई करणाऱ्यांना मी फॉर्म खणात ठेवायला लावते. पहिली दहा मिनिटं गाव, प्रवास, मुलं. 'कोन्फियान्सा', म्हणजे विश्वास, बसल्याशिवाय भरलेल्या फॉर्ममधली उत्तरं पोकळ असतात. याला वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

'आताके दे नेर्व्हिओस'ला (शब्दशः 'नसांचा झटका') डोळे झाकून पॅनिक अटॅक लिहू नका. रडणं, किंचाळणं, थरथर, छातीतून डोक्यात चढणारी उष्णता हे बहुतेकदा घरातल्या धक्क्यानंतर येतं. मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, त्याची वेगळी नोंद आहे. गेलेल्या आईचा आवाज ऐकू येतो म्हणणाऱ्या बाईला लगेच सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराचा) शिक्का मारू नका.

पोराला दुभाष्या करू नका. कधीच नाही.

प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतल्या बेटावरच्या माणसाला व्हिसा विचारू नका. तिथले लोक १९१७पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. ब्राझीलच्या माणसाशी स्पॅनिश सुरू करू नका. त्याची भाषा पोर्तुगीज.

'माचिस्मो', म्हणजे पुरुषीपणा, ही नुसती दादागिरी, असं धरून बापाला खोलीबाहेर बसवू नका. घर सांभाळण्याची जबाबदारीही त्यातच येते. हिंसेची शंका असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बाईशी एकटीशीच बोला.

आणि डिसेंबरमध्ये कुणी मक्याच्या कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे गरम तमालेस आणले, तर भेटवस्तू न घेण्याच्या नियमावर बोट ठेवून परत करू नका. मी दोन्ही हातांनी डबा घेते, सगळ्यांना वाटते, नोंदीत लिहिते आणि पुढच्या भेटीत विचारते, घरात ते कुणाकुणाने मिळून केले.