‘अक्लेम’ हा इंग्रजी शब्द वापरताना या चुका टाळा

इंग्रजीत स्तुतीसाठी शब्दांची वानवा नाही, पण ते एकमेकांच्या जागी सर्रास चालत नाहीत. ‘प्रेझ’ ही कोणीही कोणाची, अगदी चारचौघांच्या नकळतही, केलेली स्तुती असते. ‘अक्लेम’ मात्र जाहीर, उत्साहाने केलेली आणि बहुधा अनेकांच्या तोंडून आलेली वाहवा असते. लॅटिनमधील ‘क्लामारे’, म्हणजे ओरडणे, या क्रियापदापासून हा शब्द आला असल्याने गर्दीचा जयघोष त्याच्या मुळातच आहे. त्यामुळे वरिष्ठांनी खोलीत बोलावून अहवाल चांगला झाल्याचे सांगितले, तर ‘माय बॉस अक्लेम्ड मी’ हे वाक्य व्याकरणाला धरून असूनही हास्यास्पद वाटते.

सर्वाधिक चुका नाम म्हणून वापरताना होतात. हे नाम अगणनीय असल्याने ‘अ‍ॅन अक्लेम’ किंवा ‘मेनी अक्लेम्स’ असे लिहू नये. मोजता येणारे सन्मान सांगायचे असतील, तर ‘अ‍ॅकोलेड्स’ लिहावे. ‘द नॉव्हेल वन वाइड अक्लेम फॉर इट्स लँग्वेज’ ही रचना निर्धोक आहे. क्रियापद असेल, तर त्यापुढे सहसा ‘अ‍ॅज’ येते. ‘अक्लेम्ड टू बी’ टाळावे.

‘क्रिटिकल अक्लेम’ वाचून टीका झाली असे समजणारे कमी नाहीत. येथे ‘क्रिटिकल’ म्हणजे समीक्षकांकडून मिळालेली दाद. प्रेक्षकांनी पाठ फिरवलेल्या चित्रपटालाही ती मिळू शकते.

‘स्वयंघोषित’ या अर्थी ‘सेल्फ-अक्लेम्ड’ लिहिणे ही आणखी एक रूढ चूक आहे. स्वतःच स्वतःचा जयजयकार करणारे असतात हे खरे, पण तेथे ‘सेल्फ-प्रोक्लेम्ड’ हवे. दावा करणे या अर्थी ‘क्लेम’ऐवजी ‘अक्लेम’ही चालत नाही, मूळ एकच असले तरी.

स्पेलिंगमध्ये दोन ‘सी’ येतात आणि ‘एल-ए’नंतर ‘आय’ येतो. ‘अ‍ॅक्लमेशन’ या नामात मात्र तो ‘आय’ गळतो. ‘बाय अ‍ॅक्लमेशन’ म्हणजे मतपत्रिकेविना, सर्वांच्या उघड संमतीने झालेली निवड. कॅनडात तर बिनविरोध निवडून आलेल्या उमेदवारालाच ‘अक्लेम्ड’ म्हणतात, त्यामुळे तेथील निवडणुकीच्या बातमीत हा शब्द दिसला, तर उमेदवाराचे कौतुक झाले असा अर्थ काढू नये.