या चुका टाळा: फौजी रेकॉर्डमधली नोंद दुरुस्त करताना

"कामठीले दोन खेपा मारल्या जी. तिथं म्हन्ते, तुमचं नावच नाही आमच्यापाशी."

रामटेक तालुक्यातले एक माजी नाईक मला हे सांगत होते, तेव्हा त्यांच्या आवाजात रागापेक्षा भीती जास्त होती. सतरा वर्षं तोफखान्यात काढली आणि आता रेकॉर्डच नाही? रेकॉर्ड होतं, फक्त ते नाशिकरोडला होतं. मी स्वतः फौजेत क्लर्क होतो. निवृत्तीनंतर नागपूर-भंडाऱ्याकडच्या माजी सैनिकांचे आणि वीरपत्नींचे अर्ज लिहून देतो. त्यात दिसतं असं, की मूळ चूक बहुतेक वेळा एका अक्षराची किंवा एका आकड्याची असते. ती सुधारण्याच्या धडपडीत आपण आणखी चार चुका करतो आणि वर्षं जातात ती त्यात.

कामठी म्हणजे सगळ्या फौजेचं रेकॉर्ड नव्हे

आपल्या भागात ही पहिली चूक ठरलेली. कामठीला छावणी आहे, म्हणून फौजेचं काहीही असलं की कामठी. तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे आणि रेकॉर्ड ऑफिसही गार्ड्सचंच. इतरांची कागदपत्रं त्यांच्या त्यांच्या रेजिमेंट किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याची नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, सिग्नल्सची जबलपूरला, ईएमई (यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणारी कोअर) आणि ऑर्डनन्स कोअरची सिकंदराबादला, मेडिकल कोअरची लखनौला. नागपुरात वायुसेनानगर आहे, पण हवाई दलाच्या जवानांचं रेकॉर्ड दिल्लीत सुब्रतो पार्कला आहे. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला.

पेन्शन आल्यावर डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती झालेल्यांनी तर जास्तच सांभाळायला हवं. पुलगावच्या डेपोत किंवा ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या गेटवर अशी कितीतरी माणसं उभी राहिली. त्यांची रेकॉर्डं दोन: पहिल्या नोकरीचं मूळ रेजिमेंटकडे आणि दुसऱ्या नोकरीचं केरळात कन्नूरला. दोन्हीकडून पेन्शन असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेशही दोन. एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे आपोआप पोचत नाही, म्हणून अर्ज दोन्हीकडे करायचा.

चूक जन्मली कुठे, ते आधी शोधा

माझ्या मते खरी मेख इथे आहे. स्पर्शवर, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, लॉगिन केलं, पत्नीचं नाव चुकीचं दिसलं, की लोक स्पर्शशीच भांडत बसतात. तक्रार टाकतात, ती बंद होते, पुन्हा टाकतात. पण स्पर्शवर जे दिसतं ते बहुधा कुठून तरी उतरवलेलं असतं. भरतीच्या वेळचा फॉर्म, त्यावरून शीट रोल (जवानाच्या सेवेची मुख्य नोंदपत्रिका), लग्न आणि मुलांच्या नोंदी करणाऱ्या पार्ट टू ऑर्डर, त्यावरून डिस्चार्ज बुक, मग प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयातून निघालेला पीपीओ आणि शेवटी स्पर्श. हवाई दल आणि नौदलाचा पीपीओ त्यांच्या त्यांच्या लेखा कार्यालयातून निघतो, पण साखळी अशीच.

म्हणून एका दुपारी हे सगळे कागद सतरंजीवर ओळीने मांडा. सर्वांत जुना डाव्या हाताला. मग एकच नोंद, समजा पत्नीचं नाव, प्रत्येक कागदावर बोट ठेवून वाचत जा. ज्या कागदावर ती पहिल्यांदा चुकली, तिथून दुरुस्ती सुरू होते. डिस्चार्ज बुकात बरोबर आणि पीपीओत चूक असेल, तर काम तुलनेने सोपं: रेकॉर्ड ऑफिस स्वतःच्या नोंदीवरून कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीच्या, पीपीओसाठी प्रकरण पुढे पाठवतं. पार्ट टू ऑर्डरमध्येच चूक असेल, तर आधी ती सुधारल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. पत्ता, मोबाइल, बँक खातं एवढं तुम्ही स्पर्शवर बदलू शकता. रँक, ग्रुप (ट्रेडप्रमाणे ठरलेला पगाराचा गट), क्वालिफाइंग सर्व्हिस (पेन्शनसाठी धरली जाणारी नोकरी), जन्मतारीख या गोष्टी रेकॉर्ड ऑफिसने पडताळल्याशिवाय हलत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

रँक, ग्रुप आणि सर्व्हिस या तीन नोंदी नुसत्या वाचून सोडू नका. वन रँक वन पेन्शनची (सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी, तर सारखी पेन्शन) रक्कम यांच्यावरच ठरते. ती 1 जुलै 2014 पासून लागू झाली, पुढे 2019 आणि 2024 च्या जुलैपासून सुधारली. मूळ नोंद चुकली असेल तर प्रत्येक सुधारणेत ती चूक पुढे जाते. 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारीला ऑनररी नायब सुभेदार झालेल्या हवालदारांनी तो हुद्दा पीपीओत चढला का, हे आवर्जून पाहावं. पत्र घरी फ्रेम करून लावलेलं असतं आणि पीपीओत अजून हवालदारच असतो.

पत्नीचं नाव: माहेरचं, सासरचं आणि आधारवरचं

सगळ्यात जास्त रडणं मी याच एका नोंदीपायी पाहिलं आहे.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. माहेरची शकुंतला सासरी मंदा झाली. जवानाने युनिटमध्ये 'मंदाबाई' सांगितलं, हिंदी बोलणाऱ्या क्लर्कने इंग्रजीत त्याला वाटलं तसं लिहिलं. पुढे शाळेच्या दाखल्यावरून आधार निघालं, त्यावर शकुंतला. बँकेत तिसरंच काही. नवरा हयात असेपर्यंत कोणाला काही अडत नाही. तो गेला की त्या माउलीला सिद्ध करावं लागतं की मंदा आणि शकुंतला एकच आहेत. सिद्ध कोणापुढे, तर तिला कधीही न पाहिलेल्या, हजार किलोमीटरवरच्या कार्यालयापुढे.

जवान हयात असताना हेच काम निम्म्याहून हलकं असतं, कारण अर्ज आणि जबानी दोन्ही त्याचीच असते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, दोघांची ओळखपत्रं आणि जोडफोटो एवढ्यावर बरीच प्रकरणं मार्गी लागतात. प्रतिज्ञापत्र मात्र घाईने नोटरीपुढे करू नका. बऱ्याच रेकॉर्ड ऑफिसांना ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे केलेलं लागतं. आधी नमुना मागवा, मग कोर्टात जा. नाव पूर्ण बदललेलं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धीही मागतात. नुसत्या स्पेलिंगसाठी दरवेळी ती लागत नाही, म्हणून विचारल्याशिवाय खर्च करू नका.

आणि कृपा करून पहिल्याच दिवशी आधार बदलायला धावू नका. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. कोणतं नाव कायम ठेवायचं हे दोघांनी बसून ठरवा. बँक, पॅन, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला यांवर ज्याचं पारडं जड, ते नाव धरा आणि बाकीचे कागद त्याच्याकडे आणा.

पत्नीच्या नावापुढची जन्मतारखेची जागा रिकामी असेल तर ती चूक समजाच. वयाच्या 80 व्या वर्षापासून पेन्शन आणि फॅमिली पेन्शन दोन्हींवर 20 टक्के वाढ मिळते, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला 100 टक्के. तारीखच नसेल तर ही वाढ सुरू कशावरून करणार? मौद्याकडच्या एका आजींना ती सहा वर्षं मिळाली नव्हती. त्यांना ती असते हेच ठाऊक नव्हतं.

स्वतःची जन्मतारीख

इथे मी सरळ सांगतो, जरी ऐकायला आवडत नसलं तरी. भरतीच्या वेळी शाळेच्या दाखल्यावरून लिहिलेली जवानाची जन्मतारीख निवृत्तीनंतर बदलून मिळेल, या आशेवर पैसे घालवू नका. नोकरीच्या अखेरीला केलेले असे दावे सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी नाकारले आहेत. जनरल व्ही. के. सिंह लष्करप्रमुख असताना त्यांचं जन्मसाल एका शाखेत 1950 आणि दुसऱ्या शाखेत 1951 होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांना याचिका मागे घ्यावी लागली. त्यापेक्षा डिस्चार्ज बुकातली तारीखच आधार आणि पॅनवर आहे ना, हे बघा. जुन्या आधारवर पुष्कळांची तारीख 1 जानेवारी पडली आहे. तिथे बदलायचं ते आधार. ती एकच संधी यासाठी राखून ठेवा.

नकलताना झालेली चूक वेगळी. शीट रोलवर 1948 आणि पीपीओत 1943 असेल, तर ती दुरुस्त होते, व्हायलाच हवी.

जी चूक नाहीच

गोंदियाचे एक सुभेदार जिल्हा चुकला म्हणून अर्ज घेऊन आले होते. डिस्चार्ज बुकात भंडारा लिहिलेलं. पण गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 ला, आणि ते भरती झाले 1983 मध्ये. त्या दिवशी त्यांचं गाव भंडारा जिल्ह्यातच होतं. गडचिरोलीचंही तेच, 1982 पर्यंत ते चंद्रपुरात. फार जुन्या कागदांवर नागपूरपुढे मध्य प्रदेश लिहिलेलं सापडतं. 1956 पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. अशा नोंदी खऱ्या आहेत. त्यांना हात लावू नका, फक्त सध्याचा पत्ता स्पर्शवर आणि रेकॉर्ड ऑफिसला कळवा. अपंगत्व सेवेमुळे आलं की नाही, हा मेडिकल बोर्डाचा निष्कर्षही दुरुस्तीच्या अर्जाने बदलत नाही. तो अपिलाचा विषय आहे, त्यासाठी वेगळा जाणकार गाठा.

अर्ज लिहिताना

आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहा. ते अक्षर गळलं की शोधणाऱ्याची पंचाईत होते. जेसीओ (नायब सुभेदार किंवा त्यावरचा हुद्दा) होऊन निवृत्त झाला असाल तर जेसी नंबर आणि त्याआधीचा जवान असतानाचा नंबर, दोन्ही लिहा, कारण जुन्या नोंदी जुन्या नंबरावर आहेत. एका अर्जात एकच दुरुस्ती मागा. 'आज काय लिहिलं आहे' आणि 'काय हवं' या दोन ओळी वरच ठेवा, त्याखाली पुराव्यांची यादी. सेवेची कहाणी नको, ती त्यांच्याकडे आहे.

मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने पाठवू नका. त्याला लॅमिनेशनही करू नका, उद्या त्यावर नोंद करायची तर शाई कुठे उठणार? आणि स्वतःच्या पेनाने त्यात काही सुधारू नका. मुलाने प्रेमापोटी आईचं स्पेलिंग बॉलपेनने 'नीट' केलं आणि त्या खाडाखोडीपायी सगळं बुकच संशयास्पद ठरलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साक्षांकित प्रती पाठवा, स्पीड पोस्टाने, आणि पावती जपून ठेवा.

नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला वगळून पुढे जाऊ नका. त्यांच्या शिफारशीने आणि पडताळणीने अर्जाला वजन येतं, विशेषतः विधवा भगिनींच्या. रेकॉर्ड ऑफिसही शंका आली की त्यांच्याकडूनच खात्री करून घेतं.

उत्तर आलं नाही तर

गप्प बसणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. स्मरणपत्र पाठवा. तरीही काही कळलं नाही, तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून स्वतःच्या शीट रोलची आणि संबंधित पार्ट टू ऑर्डरची प्रत मागा, अर्जावर काय कार्यवाही झाली तेही विचारा. उत्तराला 30 दिवस असतात, त्यानंतर पहिलं अपील. पेन्शन न मिळता घरी आलेल्यांनी तर आणखी घाई करावी: त्यांची कागदपत्रं साधारण 25 वर्षांनंतर नष्ट केली जातात. लेखी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईला आहे, आणि अंतिम नकारापासून सहा महिन्यांत तिथे जायचं असतं. उशिरा जिंकलात तरी मागची सगळी थकबाकी मिळेलच असं नाही. 2008 च्या तरसेमसिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ती दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली होती.

कॉरिजेंडम पीपीओ आला की पेढे वाटण्याआधी तो वाचा. रामटेकच्या त्या नाईकांचा आला, त्यात पत्नीचं नाव अगदी बरोबर होतं आणि जन्मसाल 1962 चं 1926 झालं होतं. त्याच दिवशी जुन्या पत्राचा संदर्भ क्रमांक घालून आम्ही दुसरा अर्ज लिहिला. आता दर सोमवारी ते नातवाला शेजारी बसवून स्पर्श उघडून बघतात.