भाड्याच्या घरात सोलर: जर्सी सिटीत नव्याने आलेल्यांसाठी

दारावर आलेल्या माणसाला वीजबिल दाखवू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

मी इथे आलो त्याच वर्षी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा दारात आला. "सोलर क्रेडिट मिळेल, फक्त बिल दाखवा" म्हणाला. मी बिल आणून दिलं, त्याने खाते क्रमांकाचा फोटो काढला, टॅबलेटवर माझी सही घेतली. दोन महिन्यांनी पाहतो तर बिलाच्या आतल्या पानावर वीजपुरवठादार म्हणून भलत्याच कंपनीचं नाव! सोलरशी तिचा काही संबंध नव्हता. ती वीज विकणारी खाजगी कंपनी होती आणि तिचा दर महिन्यागणिक बदलत होता. मूळ दरावर परत यायला अख्खा हिवाळा गेला, भुर्दंड पडला तो वेगळाच. तोंडी शब्दाला इथे किंमत नाही, सही केलीत की अडकलात.

खरं कम्युनिटी सोलर मात्र जरूर घ्या. न्यू जर्सीत २०१९ साली ते प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालं आणि २०२३ मध्ये कायम झालं. पॅनेल कुठल्या तरी गोदामाच्या छपरावर किंवा बुजवलेल्या कचराडेपोवर असतात. त्यातला काही वाटा तुम्ही घ्यायचा. ती वीज ग्रिडमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या वीजतारांच्या जाळ्यात जाते आणि तुमच्या वाट्याचं क्रेडिट पीएसई अँड जीच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, बिलात वजा होतं. तारा त्याच, मीटर तोच. घरमालकाची परवानगी लागत नाही, पण मीटर तुमच्या नावावर हवा.

सवलत असते ती क्रेडिटवर, पूर्ण बिलावर नाही. इथेच आपली माणसं फसतात. १०० डॉलरचं क्रेडिट आणि १५ टक्के सवलत असेल तर बिलातून १०० वजा होतात आणि त्या क्रेडिटचे ८५ भरायचे, १५ वाचले. क्रेडिट ४० चंच असेल तर वाचतात ६. म्हणून वाटा किती घ्यायचा ते वर्षभराचा वापर बघून ठरवा. जुलैत एसी चालतो, त्या एका बिलावरून ठरवू नका.

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भेटकार्डासाठी रेफरल लिंक फिरत असतात. पाठवणाऱ्याने स्वतः करार वाचलेला नसतो, हे मी कितीदा पाहिलंय. सवलत किती, करार किती वर्षांचा, मध्येच सोडला तर दंड किती, हे तिन्ही लेखी मागा.

घर बदलताना महिनाभर आधी कळवा. नवं घर पीएसई अँड जीच्याच हद्दीत असेल तर वाटा सोबत नेता येतो का ते विचारा. नदीपलीकडे न्यूयॉर्कला गेलात तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते.